पाहुण्याच्या जागी कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मुलगी मला बर्फ दाखवत होती. जर्मनीतल्या तिच्या गावात होळी झाली तरी बर्फ पडत होता आणि इकडे जळगावात मी बनियनवर बसलो होतो. "पप्पा, हे बघा," म्हणत तिनं कॅमेरा खिडकीकडे वळवला, आणि बर्फ दिसायच्या आत सगळा पडदा निळा झाला. त्या निळ्यावर एक आडवं पडलेलं रडकं तोंड आणि खाली इंग्रजीत दिलगिरीचे दोन शब्द. मग काळोख, आणि थोड्या वेळानं जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. मी म्हटलं, उन्हाळा आहे, होतं असं. इथे माणसं पडतात, हे तर यंत्र.

पुढच्या रविवारी पुन्हा पडला. त्याच्या पुढच्या रविवारी तर तिचं "पप्पा, जेवलात का?" एवढंच ऐकू आलं, आणि मी "जेवलो" म्हणालो ते त्या रडक्या तोंडाला.

कोणी म्हणेल, मोबाइल आहे ना, त्यावर बोला. बोलतो की. पण मोबाइलवर तिला माझं फक्त कपाळ दिसतं, आणि मला ती तळहाताएवढी दिसते. शिवाय मोबाइल हा कामाचा. गोळ्या घेतल्या का, गॅस आला का, बँकेत गेला होता का, संपलं. रविवारी दुपारी, म्हणजे तिच्या सकाळी, कॉम्प्युटरसमोर बसणं ही वेगळी गोष्ट. हा कॉम्प्युटर तिच्या शिक्षणासाठी घेतलेला. ती गेली तेव्हा तो राहिला, आणि त्याच्यासमोर आम्ही दोघं नवरा-बायको शेजारी खुर्च्या मांडून बसायचो. खरं सांगायचं तर बसायची ही. मी मागून जाता-येता डोकं घालायचो आणि "पैसे लागले तर सांग" म्हणून निघून जायचो. आमच्या घरात बोलण्याचं खातं हिच्याकडे होतं. धुळ्याचं माहेर, तिकडची माणसं बोलायला लागली की शेजारचं घरही ऐकतं. ही गेल्यावर ते खातं माझ्याकडे आलं, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

म्हणून तो रविवार मला जपायचा होता. आठवड्यात मी ज्याच्यासाठी दाढी करत होतो असं तेवढं एकच कारण उरलं होतं. दुसऱ्या कुणासाठी करायची? दूधवाला तर पिशवी दाराला अडकवून जातो.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. शाळांच्या, दवाखान्यांच्या इमारतींत गळती कुठून आहे ते शोधण्यात माझी हयात गेली. ओल दिसते एका भिंतीला आणि पाणी येत असतं तिसरीकडून, हे मी किती कंत्राटदारांना ऐकवलं असेल. तेव्हा एक डबा मला दाद कसा देणार नाही, असा माझा ताठा होता. मुलीला म्हटलं, "तू फक्त सांग, मी करतो." ती तिकडे कॉम्प्युटरचंच काम करते. ती म्हणाली, "पप्पा, निळा पडदा आला की घाबरून जाऊ नका. मोबाइलनं त्याचा फोटो काढा आणि मला पाठवा."

मी फोटो काढायला लागलो. पहिले दोन-तीन फोटो माझ्या अंगठ्याचे आले. मग जमलं. ती ते वाचायची आणि एकेक उपाय सांगायची. आधी जुन्या फाइली काढल्या. मग तपासणी करून घेतली, काही किडबिड लागली आहे का म्हणून. मग कॉलेजात असताना तिनंच टाकलेलं काहीबाही काढून टाकलं, त्यात तिचे गेम होते. ते काढताना तिला वाईट वाटलं, मला नाही. मग व्होल्टेजची शंका आली. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी सगळी गल्ली कूलर लावते, पंखा रडत फिरतो, तेव्हा ही शंका रास्त होती. स्टॅबिलायझर आणला. तो टकटक करून आपलं काम करत राहिला आणि कॉम्प्युटरही बंद पडायचं आपलं काम करत राहिला.

"आता डबा उघडायला लागेल," ती एका रविवारी म्हणाली.

उघडला. आत इतकी धूळ होती की खळ्यातून आणल्यासारखा वाटत होता. पंख्याच्या पात्यांवर लोकर साठली होती. रंगाचा जुना ब्रश घेऊन मी ती झाडली, आणि मोबाइल स्टँडला लावला होता, त्यातून मुलगी तिकडून बघत होती. "हळू पप्पा. तिथे नाही. त्याच्या डावीकडे. हं, तीच पट्टी. दोन्ही बाजूच्या कड्या दाबा, वर येईल." ती हिरवी पट्टी म्हणजे रॅम. तिचे सोनेरी दात खोडरबरनं पुसायचे, असं तिनं सांगितलं. मला वाटलं थट्टा करते आहे. खरंच पुसले, आणि खरंच कॉम्प्युटर सुरळीत चालला, पुढच्या आठवड्याच्या मध्यापर्यंत.

मग तिला शंका आली की आतल्या मुख्य चिपवर, ती तापू नये म्हणून लावलेली पेस्ट सुकली असेल.

"कुठली पेस्ट, दातांची?" मी विचारलं.

ती हसली. चांगली खळखळून, मान मागे टाकून हसली. आई गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा. मी मुद्दाम नव्हतं विचारलं, पण ती हसली म्हटल्यावर मी बाजारातून ती पेस्ट आणल्यावरही दोनदा विचारलं, ब्रशनं लावू का, सकाळी की जेवणानंतर. या वयात विनोद सुचायला लागले मला.

वैशाख असा तापला की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसेना. समोरच्या घरात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर राहतात, मूळचे धुळ्याकडचे, हिला ते बहीण मानायचे. संध्याकाळी ओट्यावर बसले की आता माझ्या कॉम्प्युटरची विचारपूस करायचे. मी त्यांना हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"भाऊ, तुमना कॉम्प्युटरले ऊन लागी गयं," ते म्हणाले. "त्याना खिसामा कांदा ठेवा. नहीं तं कूलरम्होरे बसाडा. बठ्ठं ठीक हुई जाई."

कांद्याचं मी सोडून दिलं. कूलरचं मात्र मनात बसलं. मुलगीही म्हणत होतीच की तो तापतो आहे, झाकण काढून ठेवा, गार राहू द्या. आता गार राहू द्या म्हटल्यावर जळगावच्या माणसाच्या डोळ्यासमोर दुसरं काय येणार? होळी झाली की आमच्याकडे घरोघरी पत्र्याचे कूलर खाली उतरतात, जुनं गवत काढून नवं भरतात, पंपात तेल घालतात, आणि मग पावसापर्यंत घरातली सगळ्यात मानाची जागा म्हणजे कूलरसमोरची. पाहुणा आला की पाणी नंतर, आधी "या, इकडे कूलरसमोर या." यजमान बाजूला बसून टॉवेलनं घाम पुसत गप्पा मारतो. जावई असेल तर विचारूच नका, त्याला सर्दी होईपर्यंत तिथून उठू देत नाहीत. मी दिवाण सरकवला, टेबल ओढलं, आणि झाकण काढलेला तो डबा बरोबर कूलरच्या तोंडाशी नेऊन ठेवला. माझ्या घरात पाहुणे येईनासे झाले होते. जागा मोकळीच होती.

हात लावून पाहिलं तर पत्रा गारेगार. मी खूश झालो. त्या रविवारी कॉम्प्युटर बराच वेळ टिकलाही. आणि मग जो बिघडला तो आधीपेक्षा दुप्पट बिघडला.

आता तो सुरू होतानाच पडायचा. कधी नुसते शिट्टीसारखे आवाज काढायचा, पडदा काळाच. रॅम काढा, खोडरबर, बसवा, की दोन दिवस बरा. मी त्यात इतका तरबेज झालो की बोलता बोलता पट्टी काढून पुसून लावायचो. मुलगी बुचकळ्यात पडली. रविवारचा आमचा फोन आता मोबाइलवर सुरू व्हायचा, कॉम्प्युटर उठला की त्यावर जायचा, तो पडला की पुन्हा मोबाइलवर यायचा. मधल्या वारीही तिचे मेसेज यायला लागले: "आज कसा आहे?" कॉम्प्युटर कसा आहे, असं. मी सविस्तर कळवायचो. काल दुपारी दोनदा पडला, सकाळी ठीक होता, आवाज तीन वेळा आला. ऑफिसातल्या तिच्या मित्राला विचारून ती नवा उपाय आणायची. तिच्या ऑफिसात आता सगळ्यांना माहीत होतं म्हणे, की हिच्या वडिलांचा कॉम्प्युटर आजारी आहे.

कूलरचं मी तिला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. घरात पंखा आहे, भिंत आहे, तसा कूलर आहे. आणि तिलाही आवाज ऐकू येत होता त्याचा, पण ती त्या आवाजातच लहानाची मोठी झालेली. तो तिला आवाज वाटलाच नसणार.

मृग लागून गेला तरी पाऊस नव्हता. अशाच एका रविवारी कॉम्प्युटर कसाबसा चालू होता आणि मी तिला निळ्या पडद्यावर या वेळी कुठला आकडा आला ते फोटोतून वाचून दाखवत होतो. तिनं मला मधेच थांबवलं. पडद्याजवळ आली.

"पप्पा, तुमचे केस उडताहेत."

"उरलेत कुठे उडायला?"

"थट्टा नाही. जे आहेत ते उडताहेत. समोरून. कूलर कुठे आहे?"

मी कौतुकानं कॅमेरा कूलरकडे वळवून दाखवला. बघ, कशी सोय केली आहे. तिनं कपाळावर हात मारला तो तिकडे जर्मनीत, इकडे ऐकू आला. "पप्पा! उघड्या मशीनवर पाणी मारताय तुम्ही!" मी म्हटलं, पाणी कुठे, हवा आहे. "ओली हवा आहे ना ती. आणि आपल्या बोअरचं पाणी! बादलीला पांढरा थर बसतो ना? आत बघा, तसाच बसला असेल."

बॅटरी घेऊन बघितलं. बसला होता. हिरव्या पाटीवर, पट्टीच्या खाचेत, बारीक मिठासारखा. दर आठवड्याला मी पट्टीचे दात घासत होतो आणि दर आठवड्याला ते पुन्हा ओले करून त्यांच्यावर क्षार चढवत होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींतली गळती शोधणाऱ्या माणसानं आपल्या हातानं गळती आणून घरात बसवली होती, आणि वर पाहुण्याचा मान दिला होता. मी तिला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो की समोरचे ड्रायव्हर भाऊ ओट्यावरून डोकावून गेले.

मग काय, खऱ्या दुखण्याला खरा उपाय. सगळं उघडून ब्रश आणि स्पिरिटनं साफ केलं, वाळवलं. एक नवी रॅमची पट्टी आणून बसवली. टेबल आतल्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या जागी, नुसत्या पंख्याखाली नेलं. झाकण लावलं, स्क्रू पिळले. कॉम्प्युटर सुरू केला आणि तो चालला. दुसऱ्या दिवशी चालला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी रविवारची वाट बघत होतो, कारण आता आम्हाला अख्खा, न तुटलेला रविवार मिळणार होता.

रविवारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ती आली, पडदाभर, एकदम स्वच्छ. मागची खिडकी दिसत होती, झाड दिसत होतं.

"चालला ना?" ती म्हणाली.

"चालला."

"मस्त."

"हो. एकदम मस्त."

मग तिनं विचारलं जेवलात का. मी म्हटलं शेवभाजीचं पार्सल आणलं होतं, उरलंय, संध्याकाळी होईल. मी विचारलं थंडी आहे का. ती म्हणाली आता नाही, आता छान आहे. ऊन पडलंय. मी म्हटलं इथेही पडलंय. ती हसली, पण ते हसणं आधीचं नव्हतं, पाहुण्यांना दाखवायचं होतं. मी पंख्याकडे पाहिलं. ती कपातलं काहीतरी प्यायली. मला तिला कितीतरी विचारायचं होतं: एकटी राहतेस, जीव रमतो का, आईची आठवण येते का, कोणी भेटलंय का. ही असती तर चहा गार व्हायच्या आत सगळं काढून घेतलं असतं. मी नुसता कॉम्प्युटरकडे बघत होतो की हा पडतो का. तो मेला ठणठणीत होता.

"मग?" ती म्हणाली.

"मग काही नाही. बरं आहे सगळं."

"ठेवू का, पप्पा?"

"ठेव, ठेव. तुला कामं असतील."

पडदा बंद झाला तेव्हा माझा चहासुद्धा संपला नव्हता. मी तिथेच बसून राहिलो. मला फार एकटं वाटलं. ही गेली त्या दिवशी घरात माणसं होती, रडायला आणि रडू नका म्हणायला. त्या दुपारी कोणी नव्हतं, आणि काही घडलंही नव्हतं. तीन-चार महिने मी ज्याला शिव्या घातल्या तो बिघाड म्हणजेच आमचं बोलणं होतं, हे मला तेव्हा कळलं. दुरुस्त करून मी काय घालवलं होतं, ते मी कुणाला सांगणार? समोरच्या भाऊंनी संध्याकाळी विचारलं, "काय भाऊ, बरा शे का आते तुमना पेशंट?" मी म्हटलं, बरा आहे.

पुढचा रविवारही तसाच गेला. मधल्या वारचे "आज कसा आहे" बंद झाले, साहजिकच. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळीच तिचा मेसेज आला: पप्पा, आज मैत्रिणींबरोबर बाहेर जातेय, पुढच्या रविवारी नक्की. मी लिहिलं, जा जा, मजा कर. तिचंही वय आहे, आणि माझ्याशी बोलून तिला काय मिळत होतं? मी तिला दोष देत नव्हतो. पण दाढी केलेली होती, आणि दुपार काही सरता सरेना. रविवार असेच एकेक करून निसटणार, मग महिन्यातून एकदा, मग सणासुदीला, हे मला समोर दिसत होतं. दुसऱ्यांच्या घरांत असं होताना मी पाहिलं आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी ती आली. तिनं जेवलात का विचारलं, आणि मी जेवलो म्हणायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं.

"कॉम्प्युटर पुन्हा पडला."

"काय? कधी?"

"काल. परवापण."

तिचा चेहरा बदलला. ती खुर्ची ओढून पुढे बसली, केस मागे बांधले. "निळा पडदा? फोटो काढला?" मी म्हटलं, नाही काढता आला, लगेच गेला. "कूलर?" नाही. "पाणी?" नाही. "थांबा," ती म्हणाली, "आत्ता मशीन चालू आहे तर मीच तुमच्या स्क्रीनवर येते. इतके दिवस ते जमतच नव्हतं, मधेच बंद व्हायचं." तिनं काय काय दाबायला सांगितलं, मी दाबलं. आणि माझ्या समोरचा बाण आपोआप हलायला लागला. माझा हात मांडीवर होता. बाण वर गेला, डावीकडे गेला, एक खिडकी उघडली, मिटली. ती तिकडून माझ्या टेबलावरच्या वस्तू उचलून बघत होती. इतक्या दिवसांत या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात हलला नव्हता.

ती बघत होती आणि मला दरदरून घाम फुटला. खोटं बोलायची सवय नाही मला. नोकरीत एवढ्या तपासण्या केल्या, पण आपली तपासणी होण्याची ही पहिलीच वेळ.

बाण एका नोंदीवर थांबला.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "हा सोमवारपासून सलग चालू आहे. एकदाही बंद झालेला नाही."

मी टेबलाच्या काचेकडे बघितलं. "झाला होता," मी म्हटलं. एवढंच.

कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात तिचा चेहरा होता, आईचंच नाक, आईचीच हनुवटी. बाण जिथल्या तिथे उभा होता. मला वाटलं आता ती रागावेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजून घेऊन, बरं ठेवू का, म्हणेल.

"असेल झाला," ती म्हणाली. "कुठेतरी आत असेल. एकेक करून बघायला लागेल सगळं. वेळ जाईल. तुम्हाला काही काम नाही ना आता?"

"मला कुठलं काम?"

"मलाही नाही," ती म्हणाली. "बसा मग." आणि बाण पुन्हा हलायला लागला.